दुसरा सुळा कुठे गेला?

रहस्यकथा वाचायला तुम्हां सर्वांनाच आवडतात. कथेतला चोर कितीही हुशार असला, तरी बुटाचा ठसा, अर्धवट जळालेली विडी, नाही तर दाराच्या मुठीवर उमटलेली बोटे असे काही तरी तो मागे ठेवून जातोच, आणि शेवटच्या प्रकरणात पकडला जातो. पण समजा, चोरी जिथे झाली ती जागाच कोणाला ठाऊक नाही. ती केव्हा झाली तेही ठाऊक नाही. आमचे अमुक चोरीला गेले, अशी फिर्यादही कोणी दिलेली नाही. हाती आहे तो फक्त चोरीचा माल, आणि तोही हजारो किलोमीटर दूरच्या एका बंदरात! अशा वेळी तपास कोठून सुरू करायचा?

ही कल्पित गोष्ट नाही. २००२ सालच्या जून महिन्यात सिंगापूर बंदरात नेमके हेच घडले. आफ्रिकेतून आलेला एक कंटेनर तेथील अधिकाऱ्यांनी अडवला. कागदोपत्री त्यात दगडी मूर्ती होत्या. आत निघाले हत्तींचे ५३२ अख्खे सुळे आणि त्यांच्या जोडीला हस्तिदंताचे ४२ हजारांहून अधिक छोटे छोटे दंडगोल. जपानमध्ये सहीच्या जागी नावाचा शिक्का उमटवण्याची पद्धत आहे. त्या शिक्क्यांसाठी कापून, घासून तयार केलेले हे तुकडे होते. सगळ्या मालाचे वजन भरले सुमारे साडेसहा टन. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी घालण्याचे ठरले, त्यानंतर एवढा मोठा साठा एका वेळी तोवर कधीच सापडला नव्हता.

आता जरा हिशेब करा. एका हत्तीला दोन सुळे. म्हणजे ५३२ सुळ्यांसाठी किमान २६६ हत्ती मेले. शिक्क्यांसाठी कापलेले सुळे किती हत्तींचे होते, ते वेगळेच. एवढे हत्ती कोणत्या जंगलात मारले गेले? कंटेनर मालावी या देशातून निघाला होता आणि दक्षिण आफ्रिकेतील दर्बान बंदरामार्गे आला होता, एवढे कागदांवरून कळत होते. पण माल जिथून निघाला तो तिथलाच असतो, असे थोडेच आहे? मुंबईच्या बाजारात 'देवगड हापूस' असे छापलेल्या खोक्यात कर्नाटकातला आंबा निघतो, हे तुमच्या आईबाबांना विचारा! चोरटा माल तर मुद्दामच दोनचार सरहद्दी ओलांडून मग जहाजावर चढवला जातो. तपास करणाऱ्यांना आधी वाटले, की हे सुळे आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून, गवताळ प्रदेशातून आणि घनदाट अरण्यातूनही, गोळा केलेले असावेत.

खरे काय ते एकाच साक्षीदाराला ठाऊक होते. तो साक्षीदार म्हणजे सुळा.

सुळा नव्हे, पटाशीचा दात

आपण त्याला सुळा म्हणतो खरे, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो सुळा नव्हेच. आपल्या प्रत्येक जबड्यात पुढचे चार पटाशीचे दात असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना टोकदार सुळे. वाघसिंहांचे लांब दात हे खरे सुळे. हत्तीचे मात्र वरच्या जबड्यातले पटाशीचे दोन दात वाढत वाढत तोंडाबाहेर येतात. ते जन्मभर वाढत राहतात. उंदीर आणि खार यांचेही पटाशीचे दात असेच जन्मभर वाढतात. पण ती बिचारी ते कुरतडून झिजवतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुळ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हत्तीच्या कवटीत रुतलेला असतो आणि मुळाशी तो पोकळ असून त्यात जिवंत गर भरलेला असतो. त्यामुळे अख्खा सुळा हवा असेल, तर तो जिवंत हत्तीकडून काढून घेता येत नाही. हस्तिदंत म्हणजे हत्तीची कापलेली नखे किंवा मेंढीची लोकर नव्हे. सिंगापूरच्या कंटेनरमधला प्रत्येक अख्खा सुळा एकेका मेलेल्या हत्तीच्या कवटीतून तोडून काढलेला होता.

या दातापायी हत्तींनी फार सोसले आहे, आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात झांजीबारहून गलबतांत भरून येणाऱ्या आफ्रिकी हस्तिदंताची मुंबई ही मोठी पेठ होती. तो पुढे गुजरात, राजस्थानकडे जाई आणि त्याच्या बांगड्या होत. आशियाई हत्तींत फक्त नरालाच मोठे सुळे येतात. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही येतात, त्यामुळे तिकडे शिकाऱ्यांच्या तडाख्यातून मादीही सुटत नाही. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत तेरा लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत ते निम्म्याहूनही कमी उरले. म्हणून तर १९८९ ची बंदी आली. भारतात १९८६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन देशी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही.

बंदी आली, पण मागणी काही थांबली नाही. भाव वाढला आणि व्यापार चोरवाटांनी होऊ लागला.

लीद गोळा करणारे शास्त्रज्ञ

सुळ्याला बोलते करण्याचे काम अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक सॅम्युएल वॉसर आणि त्यांचे सहकारी यांनी केले. त्यांची कल्पना तशी साधी होती. दात हा शरीराचा भाग, म्हणजे त्यात पेशी असणार. पेशी म्हटली की तिच्यात डी.एन.ए. आलाच. मग हा डी.एन.ए. काढून तो कोणत्या प्रदेशातल्या हत्तींशी जुळतो ते पाहिले, की झाले!

कल्पना साधी, पण वाटेत अडचणी दोन. पहिली अशी, की हस्तिदंत कमालीचा टणक. त्याला छिद्र पाडायला गेले, तर घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि आधीच जेमतेम असलेला डी.एन.ए. खराब होतो. यावर उपाय सापडला तो थंडीचा. सुळ्याचा लहानसा तुकडा एका नळीत ठेवून ती नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. द्रव नायट्रोजनचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस. नळीत एक पोलादी दांडा असतो. बाहेरचे चुंबकक्षेत्र सारखे उलटसुलट करून त्याला मागेपुढे आपटवतात. इतक्या थंडीत ठिसूळ झालेल्या तुकड्याची पिठासारखी भुकटी होते आणि डी.एन.ए. मात्र शाबूत राहतो.

दुसरी अडचण याहून मोठी. समजा, सुळ्यातून डी.एन.ए. मिळाला. तो ताडून कशाशी पाहायचा? बोटांचे ठसे पोलिसांच्या दप्तरात आधी नोंदलेले असतील, तरच नवा ठसा कोणाचा ते कळते. म्हणजे आधी आफ्रिकेतल्या ठिकठिकाणच्या हत्तींचे दप्तर तयार करायला हवे. त्यासाठी हजारो किलोमीटर हिंडून, हत्तींना बेशुद्ध करून, त्यांचे रक्त काढत बसायचे काय? ते अवघडही आणि हत्तीला व माणसाला धोक्याचेही.

येथे मदतीला आली हत्तीची लीद. नाक मुरडू नका! अन्न आतड्यातून पुढे सरकते तेव्हा आतड्याच्या आतल्या अस्तराच्या काही पेशी सुटून त्याला चिकटतात. लिदीच्या ताज्या गोळ्यावर जो बुळबुळीत थर असतो, त्यात या पेशी भरपूर सापडतात. हत्ती निघून गेल्यावर मागे जाऊन चमचाभर नमुना बाटलीत भरायचा आणि जागा नकाशावर टिपायची, बस्स. वनरक्षक, संशोधक यांनी देशोदेशीच्या जंगलांतून अशा बाटल्या भरून पाठवल्या. त्यांतून आफ्रिकेतल्या हत्तींचा डी.एन.ए. नकाशा तयार झाला आणि त्याचा पहिला निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या एका मोठ्या गुन्ह्याचा शोध शेणामुतावरून लागावा, ही गोष्ट मला तरी कोणत्याही रहस्यकथेपेक्षा सरस वाटते.

बारा कोसांवर बदलणारी भाषा

एका ठिकाणचा हत्ती दुसऱ्या ठिकाणच्या हत्तीपासून डी.एन.ए. वरून ओळखता येतो तो कसा? हे समजून घेण्यासाठी आपल्या बोलीभाषांचे उदाहरण घेऊ. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. सगळे बोलतात मराठीच, पण मालवणचा माणूस एक शब्द वापरतो, अकोल्याचा दुसरा आणि धुळ्याचा तिसरा. एकाच शब्दावरून गाव ओळखायला गेलात तर फसाल, कारण तो शब्द चार जिल्ह्यांत चालत असेल. पण पंधरासोळा शब्द कानांवर पडले, की जाणकार माणूस 'तुम्ही कोल्हापूरकडचे का?' असे बरोबर विचारतो.

डी.एन.ए. ही चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी आहे. तिच्यात काही जागा अशा असतात, की तेथे दोनतीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. एखाद्या हत्तीत तो बारा वेळा येईल, दुसऱ्यात पंधरा वेळा. प्रत्येक जागेसाठी प्रत्येक प्राण्याजवळ असे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. हत्तीच्या मादीचा कळप सहसा आपला मुलूख सोडून फार लांब जात नाही. शेजारच्या कळपांतच सोयरिकी होतात. म्हणून काही आकडे एका मुलखात जास्त आढळतात, तर दूरच्या मुलखात क्वचित. वॉसर यांच्या गटाने अशा सोळा जागा निवडल्या. म्हणजे प्रत्येक हत्तीसाठी बत्तीस आकड्यांची एक ओळ मिळाली. हे झाले आपले सोळा शब्द.

ज्या जंगलातून लिदीचे नमुने आलेच नाहीत, तिथले काय? तिथेही अंदाज बांधता येतो. सांगली आणि सोलापूर येथली बोली ठाऊक असेल, तर मधल्या एखाद्या गावची बोली साधारण कशी असेल ते तुम्ही सांगू शकाल. तसेच गणित संगणकाकडून करवून घेतात. या रीतीने सुळ्याचे मूळ ठिकाण साधारण तीनशे किलोमीटरच्या आत सांगता येते. आफ्रिका खंडाचा विस्तार पाहता ही काही लहानसहान गोष्ट नाही.

सिंगापूरच्या साठ्यातल्या निवडक सुळ्यांवर हा प्रयोग झाला. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आधीचे सगळे तर्क कोसळले. ते सुळे ठिकठिकाणचे नव्हते. अरण्यातल्या हत्तीचा तर त्यांत एकही नव्हता. सगळे गवताळ प्रदेशातले. नकाशावर त्यांचे ठिकाण उमटले ते आफ्रिकेच्या दक्षिण भागात, पूर्वपश्चिम गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात, आणि त्या पट्ट्याच्या मध्यभागी होता झांबिया, म्हणजे मालावीचा शेजारी.

आता गंमत पाहा. याच झांबियाने २००२ साली आपल्या सरकारी कोठारातला हस्तिदंत विकण्याची परवानगी आंतरराष्ट्रीय परिषदेकडे मागितली होती, आणि गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे अवघे १३५ हत्ती चोरट्या शिकारीत मारले गेले, असे सांगितले होते. आपण वर केलेला हिशेब आठवतो ना? एकाच कंटेनरमध्ये निदान २६६ हत्ती होते! परवानगी त्या वर्षीच नाकारली गेली होती. डी.एन.ए. चा निष्कर्ष हाती आल्यावर तिथल्या सरकारला चोरट्या शिकारीविरुद्धच्या व्यवस्थेत बदल करावे लागले. 'आमच्याकडे शिकार होतच नाही' असे कोणत्याही देशाला म्हणता येत होते, तोवर ते खोडून काढायला साधन नव्हते. ते साधन आता मिळाले.

हवेतले घड्याळ

हत्ती कुठला ते कळले. तो केव्हा मेला? हा प्रश्न उगीचच विचारलेला नाही. पकडलेले व्यापारी नेहमी सांगत, की हा माल जुना आहे, बंदीच्या आधीचा आहे, आजोबांच्या काळचा आहे. काहींना असाही संशय होता, की सरकारी कोठारांतला जुना साठाच मागल्या दाराने बाहेर पडतो आहे. तसे असेल, तर जंगलांत पहारा वाढवून काय उपयोग?

याचे उत्तर अणुबाँबने दिले! १९५० नंतरच्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला बड्या राष्ट्रांनी हवेत एकामागून एक अणुचाचण्या केल्या. त्यांमुळे वातावरणात किरणोत्सर्गी कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले. उत्तर गोलार्धात तर ते जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ च्या करारानंतर बड्या राष्ट्रांनी हवेतल्या चाचण्या बव्हंशी थांबवल्या आणि हे जादा प्रमाण वर्षानुवर्षे उतरत गेले, कारण तो कार्बन समुद्रात आणि वनस्पतींत मुरत गेला. कोणत्या वर्षी ते किती होते, याच्या नोंदी शास्त्रज्ञांजवळ आहेत. झाडपाला हवेतला कार्बन घेतो, हत्ती झाडपाला खातो आणि त्या वर्षीचा कार्बन त्या वर्षी वाढलेल्या दाताच्या थरात कायमचा बंद होतो. सुळ्याचा सर्वांत नवा थर मुळाशी, पोकळीच्या भिंतीवर असतो. तिथला कण तपासला, की हत्तीचे शेवटचे वर्ष कळते.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे थ्युर सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २०१४ या काळात पकडलेल्या चौदा मोठ्या साठ्यांतील २३१ नमुने असे तपासले. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केले, की यांतले बहुतेक सगळे हत्ती माल पकडला जाण्यापूर्वी तीन वर्षांच्या आत मेलेले होते. आजोबांच्या काळचा माल वगैरे सब झूट!

जोडीची गोष्ट

आता आपण शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ.

सुळे तपासायला खर्च फार येतो. एकेका साठ्यात शेकडो, कधी हजारो सुळे. सगळेच तपासणे परवडत नाही. एका हत्तीच्या दोन्ही सुळ्यांचा डी.एन.ए. एकच असणार; तेव्हा दोन्ही तपासून पैसे वाया कशाला घालवा? म्हणून वॉसर यांची मंडळी आधी गोदामाच्या जमिनीवर सुळे मांडून त्यांच्या जोड्या लावत. मुळाशी जाडी किती, रंग कसा, वाक कसा, हिरडीची रेघ कुठवर आली आहे, हे पाहून 'हा याचा भाऊ' असे ठरवायचे आणि जोडीतल्या एकाचाच तुकडा घ्यायचा. चपलांच्या ढिगातून जोड शोधण्यासारखेच हे काम.

तर ही केवळ काटकसरीसाठी केलेली गोष्ट. पण जोड्या लावता लावता असे दिसू लागले, की साठ्यातल्या निम्म्याहून अधिक सुळ्यांना जोडच सापडत नाही. शिकाऱ्याने तर दोन्ही सुळे काढले असणार. एक सुळा टाकून देण्याइतका कोणी उदार नसतो. मग दुसरा सुळा गेला कुठे?

तो गेला होता दुसऱ्या कंटेनरमध्ये. निरनिराळ्या देशांत पकडलेल्या साठ्यांचे आकडे संगणकात होतेच. बत्तीस आकड्यांच्या ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर तंतोतंत जुळणाऱ्या ओळी निघाल्या. म्हणजे एका हत्तीचा डावा सुळा एका बंदरात पकडला गेला होता आणि उजवा दुसऱ्याच साठ्यात.

यातून काय कळले ते नीट समजून घ्या. शिकारी सुळे विकतो गावच्या दलालाला, तो विकतो मोठ्या व्यापाऱ्याला, आणि कोठे तरी एका गुदामात हे सगळे एकत्र येतात. तिथे माल भरताना जोड्या फुटतात. एक सुळा आजच्या कंटेनरमध्ये जातो, दुसरा पुढल्या महिन्यातल्या. म्हणून ज्या दोन साठ्यांत एकाच हत्तीचे दोन सुळे सापडतात, ते दोन्ही साठे बहुधा एकाच टोळीने पाठवलेले असतात. आणि हेही ध्यानात घ्या, की तपासले जात होते ते निवडकच सुळे. थोडक्यांतही जोड्या सापडतात, त्या अर्थी न तपासलेल्यांत कितीतरी अधिक दडलेल्या असणार.

२०१८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. जोडीचे दोन साठे जवळजवळ नेहमी एकाच बंदरातून आणि थोड्याच महिन्यांच्या अंतराने निघालेले होते. २०११ ते २०१४ या काळात हत्तींची कत्तल शिगेला पोचली होती. त्या काळात माल पाठवणाऱ्या तीन बड्या टोळ्या नजरेसमोर आल्या. एक केनियातील मोंबासा येथून, दुसरी युगांडातील एन्टेबी येथून आणि तिसरी टोगोमधील लोमे येथून काम करणारी. तोवर प्रत्येक जप्ती हा एक सुटा खटला होता. साठा पकडला, एखादा ट्रकचालक किंवा कारकून धरला, की संपले. आता दहा खटल्यांमागे एकच हात असल्याचे दाखवता येऊ लागले.

पुढे याच मंडळींच्या मनात आणखी एक विचार आला. त्याच हत्तीचा दुसरा सुळा सापडणे ही नशिबाची बाब. पण त्याच्या आईचा, भावाचा, लेकीचा सुळा? हत्ती कळपाने राहतात आणि शिकारी बंदूक घेऊन कळपावरच जातात. एक पडला, की बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात आणि तेही मारले जातात. शिवाय तेच शिकारी त्याच जंगलात पुन्हा पुन्हा येतात. म्हणून आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे वाटून आलेले आकडे ताडून नातेवाईक शोधायचे ठरले. २००२ ते २०१९ या काळात आफ्रिकेबाहेर धाडलेल्या ४९ मोठ्या साठ्यांतील ४,३२० सुळे या कामी आले. २०२२ मध्ये निष्कर्ष बाहेर आला. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या बंदरांत पकडलेल्या साठ्यांत माय-लेकरे आणि सख्खी-सावत्र भावंडे विखुरलेली सापडली, आणि आधी सुटे वाटणारे पुष्कळ साठे एकमेकांशी जोडले गेले. मोजक्याच टोळ्या वर्षानुवर्षे हा धंदा चालवीत होत्या, ही गोष्ट आता आकड्यांनिशी मांडता आली. एखाद्या कुटुंबाचा वंशवृक्ष तयार व्हावा आणि तो वेगवेगळ्या जप्त्यांच्या पंचनाम्यांतून, हे वाचून मन विषण्ण होते.

डी.एन.ए. ने हे सर्व केले, तरी तो काही कोणाला हातकडी घालत नाही. हत्ती कुठला, केव्हाचा, कोणाचा कोण, एवढेच तो सांगतो. बंदूक कोणी चालवली ते सांगत नाही. त्यासाठी टेलिफोनच्या नोंदी, जहाजाची कागदपत्रे, पैशाचे व्यवहार हे सगळे पोलिसांनी जमवावे लागते आणि ते न्यायालयात टिकावे लागते. काही बडे आरोपी वरच्या न्यायालयात सुटलेही आहेत. शिवाय नमुने मिळाले, तरच प्रयोगशाळा काम करणार. म्हणून २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले, की ५०० किलो किंवा त्याहून मोठा साठा पकडणाऱ्या देशाने त्याचे नमुने तपासणीस द्यावेत.

प्राण्यांची अशी ओळख पटवण्याचे काम आपल्याकडेही चालते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जप्त केलेले मांस, कातडी, हाडे, नखे येतात. शिजवलेले मांस हरणाचे की बकऱ्याचे, तावीजातले नख वाघाचे की नुसते शिंग घासून केलेले, हे तिथे डी.एन.ए. वरून ठरते. हैदराबादच्या लालजी सिंग आणि एस. के. वर्मा यांनी तर कोणताही प्राणी असला तरी एकाच रासायनिक किल्लीने त्याच्या डी.एन.ए. चा ओळख पटवणारा तुकडा उघडता येईल, अशी रीत शोधून काढली. नमुना कोणत्या प्राण्याचा असावा याचा आधी अंदाजही नसला, तरी तिने काम भागते.

चोरही अर्थात स्वस्थ बसलेले नाहीत. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या मॅमथ हत्तींचे सुळे सापडतात आणि ते विकायला पुष्कळ देशांत मनाई नाही. म्हणून ताजा हस्तिदंत 'मॅमथचा' म्हणून खपवण्याची युक्ती निघाली. पण ही लबाडी पकडायला नेहमी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापकही पुष्कळदा पुरतो! सुळा आडवा कापला, की त्याच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. कडेजवळच्या भागात या रेघांमधले कोन मोजायचे. आजच्या हत्तीत त्यांची सरासरी ११५ अंशांहून अधिक भरते. मॅमथमध्ये ९० अंशांहून कमी. मधल्या आकड्यांसाठी मात्र पुन्हा डी.एन.ए. कडेच जावे लागते.

लिदीचा तो नकाशाही अजून भरला जात आहे. नवे नमुने आले, की जुन्या सुळ्यांचे ठिकाण अधिक नेमके होते, आणि त्यासाठी सुळ्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. प्रत्येकाची बत्तीस आकड्यांची ओळ संगणकात जपून ठेवलेली आहे. नवा कंटेनर पकडला गेला, की त्यातल्या सुळ्यांच्या ओळी या जुन्या ओळींशी ताडून पाहतात. कितीतरी सुळ्यांची जोड अजून लागायची आहे.